कंबरेत स्क्रू बसवण्यापूर्वी

कंबरदुखी घेऊन चंद्रपूरला किंवा नागपूरला जाऊन आलेल्या माणसाजवळ हल्ली दोन गोष्टी हमखास असतात. एक म्हणजे एमआरआयची मोठी पिशवी, आणि दुसरी म्हणजे ‘बोटभर छेदातून होऊन जाईल, तिसऱ्या दिवशी चालत घरी जाल’ हे आश्वासन. आश्वासन खोटे असतेच असे नाही. मणक्याची शस्त्रक्रिया गेल्या तीस वर्षांत खरोखर बदलली आहे. वीतभर चिरून, स्नायू बाजूला सोलून जे काम करावे लागे, त्यातले बरेचसे आता नळीतून, दुर्बिणीतून, पडद्यावर पाहत करता येते. पण त्या आश्वासनामुळे रुग्णाचे सारे लक्ष छेदाच्या लांबीवर खिळते आणि खरा प्रश्न मागे पडतो. हे दुखणे शस्त्रक्रियेने दुरुस्त होण्यासारखे आहे का? असेल, तर आत काही बसवण्याची गरज आहे का? बसवायचे, तर पुढचे सहा महिने माझ्या गावात माझी काळजी कोण घेणार? या तिन्हींची उत्तरे मिळाल्यावर छेद लहान की मोठा हे विचारावे. चंद्रपूर आणि गडचिरोलीतल्या वाचकाने हा क्रम का पाळावा, आणि तो पाळताना प्रत्यक्ष काय करावे, ते या लेखात पाहू.

या दोन जिल्ह्यांत कंबर दुखायला कारणांची कमतरता नाही. रोवणीच्या दिवसांत बाई सकाळी बांधीत उतरते ती घोटाभर चिखलात, कमरेतून काटकोनात वाकून. डाव्या हातात पऱ्ह्यांची पेंडी, उजव्या हाताच्या अंगठ्याने रोप चिखलात खोवायचे आणि एक पाऊल मागे सरकायचे. पाठ सरळ होते ती नवी पेंडी घेण्यापुरती. मार्च-एप्रिलमध्ये मोहफुले वेचायची, मे महिन्यात तेंदूपत्ता तोडून, पुडे बांधून संकलनाच्या फळीवर पोचवायचा, वर्षभर सरपण आणि पाणी डोक्यावरून आणायचे. चंद्रपूरकडे कोळशाच्या खुल्या खाणींत डंपर चालवणाऱ्याच्या मणक्यांना पाळीभर हादरे बसतात, सिमेंटच्या पोत्यांची चढउतार करणाऱ्याची वेगळीच कथा. गडचिरोलीतल्या ‘सर्च’ या संस्थेच्या संशोधकांनी मुंबईचे मणकाविकार शल्यचिकित्सक डॉ. शेखर भोजराज यांच्यासह गावांत घरोघर पाहणी केली आणि पाठ-कंबरदुखी हा ग्रामीण भागातला मोठा सार्वजनिक आरोग्याचा प्रश्न आहे, असे शास्त्रीय नियतकालिकात मांडले. माता-बालमृत्यू, मलेरिया, सिकलसेल यांच्या यादीत कंबरदुखीला तोवर कोणी जागा देत नव्हते, कारण तिने माणूस मरत नाही. पण मजुरी बुडते, आणि ज्या घरात रोजच्या श्रमावर चूल पेटते तिथे तो तोटा कमी नसतो. चातगावजवळ सर्चच्या शोधग्राममधल्या माँ दंतेश्वरी दवाखान्यात भोजराज यांच्या स्पाइन फाउंडेशनच्या डॉक्टरांची शिबिरे होतात, तिथे तपासणी होते आणि गरज असेल त्यांच्या शस्त्रक्रियाही होतात. सांगायचे ते इतकेच की, मणक्याची चांगली शस्त्रक्रिया या भागाला परकी नाही. प्रश्न ती कोणासाठी, हा आहे.

आधी या शस्त्रक्रियांत नेमके काय करतात ते समजून घेऊ, कारण ‘दुर्बिणीचे ऑपरेशन’ या एका नावाखाली चार-पाच वेगवेगळ्या गोष्टी खपतात. मणक्यांमधल्या गादीचा तुकडा बाहेर येऊन पायाच्या नसेवर दाबत असेल तर तो तुकडा काढतात. यात बहुधा आत काहीच बसवत नाहीत. म्हातारपणी मज्जारज्जूची नळी अरुंद होऊन चालताना पाय भरून येत असतील तर हाडाचा आणि जाड झालेल्या बंधाचा थोडा भाग कोरून नसेला जागा करून देतात. यातही काही बसवावेच लागते असे नाही. तिसरा प्रकार म्हणजे दोन मणके एकमेकांना जोडून टाकणे. कातडीतून बारीक तार घालून, सी-आर्म या फिरत्या क्ष-किरण यंत्राच्या पडद्यावर पाहत, त्या तारेवरून टायटॅनियमचे स्क्रू मणक्यात बसवतात, त्यांत सळी ओवतात आणि गादीच्या जागी लहान पिंजरा ठेवून हाडाची भुकटी भरतात. चौथा, पाठीमागच्या दोन काटेरी हाडांमध्ये पाचर ठोकावी तसा स्पेसर बसवून मणके थोडे उघडे ठेवणे. पाचवा, चेपलेल्या मणक्यात सुईने सिमेंट भरणे. यातला तिसरा, चौथा आणि पाचवा प्रकार ‘इम्प्लांट’च्या नावाने सांगितला जातो, म्हणून डॉक्टरांनी ‘दुर्बिणीतून करू’ म्हटले की आपला पहिला प्रश्न ‘आत काही बसवणार आहात का?’ हा असावा.

खिडकीतून आत आलात की दारातून, यापेक्षा घरात येऊन काम काय केलेत ते महत्त्वाचे. लहान छेदाचे फायदे खरे आहेत. स्क्रू-सळी लहान छेदांतून बसवली तर रक्त कमी जाते, स्नायूंना इजा कमी होते, रुग्णालयातले दिवस कमी होतात. पहिल्या काही आठवड्यांत हे जाणवते. वर्ष-दोन वर्षांनी मात्र उघड्या आणि लहान छेदाच्या शस्त्रक्रियेचे रुग्ण जवळपास सारख्याच स्थितीत दिसतात, आणि लहान छेदात आतले थेट दिसत नसल्याने क्ष-किरणांचा मारा अधिक होतो. गादीच्या शस्त्रक्रियेबाबत तर नेदरलँड्समध्ये ३२८ रुग्णांवर चिठ्ठ्या टाकून गट पाडलेला अभ्यास २००९ साली प्रसिद्ध झाला. नळीतून गादी काढलेल्यांना नेहमीच्या सूक्ष्मदर्शक पद्धतीपेक्षा अधिक आराम मिळाला नाही, उलट पायाच्या आणि कंबरेच्या दुखण्यात ते थोडे मागेच राहिले. याचा अर्थ नळीची पद्धत वाईट, असा काढू नये. ज्या शल्यचिकित्सकाचा हात ज्या पद्धतीवर बसला आहे ती पद्धत तुमच्यासाठी चांगली, एवढाच अर्थ काढावा. छेद तीन सेंटिमीटरचा की सहाचा, यावरून दवाखाना निवडणे म्हणजे कामापेक्षा वाटेला भाव देणे झाले.

आत काही बसवायचे का, हा प्रश्न याहून मोठा आहे आणि याबाबत पुरावा बराच स्पष्ट आहे. मज्जारज्जूची नळी अरुंद झालेल्या २४७ रुग्णांवरचा स्वीडनमधला अभ्यास २०१६ साली प्रसिद्ध झाला. अर्ध्यांना फक्त नस मोकळी करून दिली, अर्ध्यांना त्याबरोबर मणके जोडूनही दिले. दोन वर्षांनी आणि पाच वर्षांनी दोन्ही गट सारखेच होते. जोडलेल्यांची शस्त्रक्रिया मात्र लांबली आणि खर्च वाढला. मणका थोडा पुढे सरकलेला असेल तर काय, या शंकेचे उत्तर नॉर्वेतल्या २६७ रुग्णांच्या अभ्यासाने २०२१ साली दिले: अशांतही नुसती नस मोकळी करणे कमी पडले नाही. एक अभ्यास दुसऱ्या बाजूने बोलतो हेही सांगायला हवे. अमेरिकेतल्या ६६ रुग्णांच्या, २०१६च्याच अभ्यासात मणका सरकलेल्यांना जोडणीचा थोडा अधिक फायदा दिसला आणि पुन्हा शस्त्रक्रियेची वेळ कमी जणांवर आली. म्हणजे काही निवडक रुग्णांना स्क्रूची गरज असते, पण ‘नळी अरुंद आहे म्हणून स्क्रू’ हे समीकरण टिकत नाही. स्पेसरची कथा याहून बोलकी आहे. नेदरलँड्समधल्या १५९ रुग्णांत २०१३ साली स्पेसर आणि नुसती नस मोकळी करणे यांची तुलना झाली. आराम साधारण सारखाच मिळाला, पण स्पेसर बसवलेल्यांपैकी २९ टक्क्यांना पुन्हा टेबलावर जावे लागले, दुसऱ्या गटात ८ टक्क्यांना. अमेरिकेत २००५ साली परवानगी मिळालेला आणि गाजलेला एक्स-स्टॉप हा स्पेसर दहा वर्षांत बाजारातून गेला. चेपलेल्या मणक्यात सिमेंट भरण्याची तुलना २००९ साली दोन अभ्यासांनी लुटुपुटीच्या उपचाराशी केली, म्हणजे सुई टोचली पण सिमेंट भरलेच नाही. दोन्ही गटांचे दुखणे सारखेच कमी झाले. अगदी ताज्या, असह्य दुखणाऱ्या फ्रॅक्चरबद्दल तज्ज्ञांत अजून मतभेद आहेत. जुन्या चेपलेल्या मणक्यासाठी मात्र सिमेंटची घाई करण्याचे कारण नाही.

ज्यांची नस दबलेली नाही, पायात कळ जात नाही, मुंग्या नाहीत, फक्त कंबर दुखते, त्यांच्यासाठी तर शस्त्रक्रियेचा पाया आणखी कमकुवत आहे. कंबरदुखीने हैराण होणाऱ्यांत बहुसंख्य याच गटातले असतात. ब्रिटनमधल्या ३४९ रुग्णांत २००५ साली मणके जोडणे आणि कसून घेतलेला व्यायाम-पुनर्वसन यांची तुलना झाली. जोडणीच्या बाजूने फरक दिसला तो इतका थोडा की धोका आणि खर्च पाहता तिची शिफारस करावी असे संशोधकांना वाटले नाही. ब्रिटनच्या राष्ट्रीय आरोग्यसेवेसाठी २०१६ साली निघालेल्या मार्गदर्शनात नुसत्या कंबरदुखीसाठी संशोधनाबाहेर मणके जोडण्याचा उपचार देऊ नये आणि कृत्रिम गादी बसवू नये, असे स्पष्ट म्हटले आहे. श्रीमंत देशाने स्वतःच्या नागरिकांसाठी जो उपचार नाकारला, तो जमीन गहाण टाकून आपण घ्यावा का, याचा विचार ज्याचा त्याने करावा.

‘पण एमआरआयमध्ये दिसलंय की, मणक्यात गॅप आहे, गादी बाहेर आली आहे!’ हे वाक्य या साऱ्या गोंधळाच्या मुळाशी आहे. अहवालाच्या कागदावर खाली जाड अक्षरात एल-४-५ आणि एल-५-एस-१ अशी मणक्यांची नावे असतात आणि पुढे डिस्क बल्ज, डिजनरेशन असे शब्द. वाचणाऱ्याला वाटते, सापडला चोर. पण ज्यांची कंबर दुखत नव्हती अशा ३,११० माणसांचे स्कॅन ३३ अभ्यासांतून एकत्र करून २०१५ साली पाहिले गेले. विशीतल्या ३७ टक्क्यांच्या गाद्या झिजलेल्या होत्या, ऐंशीतल्या ९६ टक्क्यांच्या. गादी फुगलेली आढळली विशीत ३० टक्क्यांत आणि ऐंशीत ८४ टक्क्यांत. म्हणजे पन्नाशीच्या शेतकऱ्याच्या एमआरआयमध्ये काही ना काही दिसणारच. ते केस पिकावेत तितके साधे असू शकते. अहवालातली खूण, पायात जाणारी कळ आणि डॉक्टरांनी पाय उचलून, अंगठ्याचा जोर पाहून, संवेदना तपासून काढलेला निष्कर्ष या तिन्ही गोष्टी एकाच नसेकडे बोट दाखवत असतील तरच त्या खुणेला अर्थ आहे. अंगाला हात न लावता केवळ फिल्म उजेडात धरून स्क्रूचा सल्ला मिळाला, तर दुसरे मत घ्यायलाच हवे.

चंद्रपूर-गडचिरोलीत या सावधगिरीला आणखी एक कारण आहे. परदेशी पुस्तकांत तळटीपेत जाणारे आजार इथे दारात उभे असतात. मणक्याचा क्षयरोग कंबरदुखीनेच सुरू होतो. संध्याकाळचा बारीक ताप, वजन उतरणे, रात्री झोपेतही दुखणे ही त्याची लक्षणे, आणि बहुतेकांना वर्षभराच्या औषधांनी, शस्त्रक्रियेशिवाय गुण येतो. सिकलसेलच्या रुग्णाला झटका आला की कंबर आणि पाठ असह्य दुखते; वारंवार रक्तपुरवठा तुटून मणक्याचे आणि खुब्याचे हाड खराब होते. खुब्यातले दुखणे कंबरेचे समजून मणक्याचे ऑपरेशन करून घेतले तर खुबा आहे तिथेच राहतो. शिवाय सिकलसेल असताना भूल, थंडी, अंगातले पाणी कमी होणे यांचा धोका वेगळा असतो, म्हणून आदिवासी आणि इतर बाधित समाजांतल्या कोणीही मणक्याच्या शस्त्रक्रियेआधी सिकलसेलची तपासणी करून घ्यावी आणि कार्ड असेल तर ते भूलतज्ज्ञाच्या हातात द्यावे. चंद्रपूर जिल्ह्यात काही गावांच्या पाण्यात फ्लोराइड जास्त आहे. वर्षानुवर्षे ते पाणी पिऊन मणक्यांचे बंध कडक होतात, पाठ लाकडासारखी ताठरते. तिथे पहिला उपचार पाण्याचा स्रोत बदलणे हा आहे. गुरांच्या सहवासातून होणारा ब्रुसेलोसिसही लांबलेला ताप आणि कंबरदुखी घेऊन येतो. यातले काय आहे आणि काय नाही, हे रक्ताच्या साध्या तपासण्या, छातीचा आणि मणक्याचा साधा एक्स-रे आणि नीट विचारलेली माहिती यांतून बरेचसे कळते. त्याआधी एमआरआयवर पैसे घालवणे उलटे आहे.

इथवर वाचून शस्त्रक्रिया म्हणजे फसवणूक असा समज कोणी करून घेऊ नये. काही वेळा ती टाळणे हाच गुन्हा ठरतो. कंबरदुखीबरोबर लघवी अडली किंवा नकळत होऊ लागली, शौचावरचा ताबा गेला, बसायच्या जागेची आणि मांड्यांच्या आतल्या बाजूची जाणीव गेली, तर तो दिवस दुसऱ्या मताचा नाही. त्याच रात्री १०८ बोलवून मणक्याची शस्त्रक्रिया होणाऱ्या रुग्णालयात पोचायला हवे, कारण तासांवर पुढचे आयुष्य ठरते. पाऊल उचलत नाही, चप्पल पायातून निसटते, पायाचा जोर दिवसागणिक कमी होतो, तेव्हाही थांबू नये. मोहाच्या किंवा ताडाच्या झाडावरून पडल्यावर पाठ दुखत असेल तर रुग्णाला उठवून मोटारसायकलवर मध्ये बसवून नेऊ नका. फळीवर सरळ निजवून न्या. मणका मोडून अस्थिर झाला असेल, क्षयरोगाने किंवा गाठीने खचला असेल, मणका चांगलाच पुढे सरकून हलत असेल, तेव्हा स्क्रू आणि सळी हे वरदान असते आणि लहान छेदातून बसवता आले तर सोन्याहून पिवळे. गादीने नस दबून पायात कळ जाणाऱ्याचा मार्ग मधला. नेदरलँड्समधल्या २८३ रुग्णांचा २००७चा अभ्यास सांगतो की लवकर शस्त्रक्रिया केलेल्यांना आराम लवकर मिळाला. वाट पाहिलेल्यांपैकी ३९ टक्क्यांना पुढे शस्त्रक्रिया लागली. वर्षाअखेर दोन्ही गटांत ९५ टक्के बरे झाले होते. म्हणजे पायाचा जोर शाबूत असेल तर सहा ते बारा आठवडे वाट पाहणे सुरक्षित आहे, आणि कळ सोसवत नसेल तर शस्त्रक्रिया करून घेणेही योग्य आहे. इथे निर्णय रुग्णाचा.

यावर एक आक्षेप येतो आणि तो रास्त आहे: शहरातल्यांनी नवे तंत्रज्ञान वापरायचे आणि जंगलातल्या माणसाला मात्र व्यायाम करा म्हणून परत पाठवायचे? एटापल्ली, भामरागडच्या रुग्णाला आजवर नकारच जास्त मिळाला आहे, म्हणून हा संशय समजण्यासारखा आहे. पण वर सांगितलेला पुरावा गरिबांसाठी वेगळा काढलेला नाही, तो श्रीमंत देशांतल्या रुग्णांवरच जमवलेला आहे. न्याय मागायचा तर तो असा मागावा: ज्याची नस दबली आहे त्याला महिन्याभरात शल्यचिकित्सक भेटावा, आणि ज्याला गरज नाही त्याच्या कंबरेत कोणी स्क्रू बसवू नये. गरज नसताना झालेल्या शस्त्रक्रियेची किंमत मुंबईतला नोकरदार रजेतून चुकवतो. इथला मजूर ती बैल विकून चुकवतो, आणि गुण आला नाही तर दुसऱ्या शस्त्रक्रियेसाठी त्याच्याकडे विकायला काही उरत नाही.

दुसरा आक्षेप असा की ते रुग्ण खुर्चीवर बसून काम करणारे. आमच्या कंबरेला ओझे उचलायचे आहे, तिला पोलादाचा आधार लागणारच. श्रमाचा फरक खरा आहे. पण तो इम्प्लांटच्या बाजूने जातो असे गृहीत धरता येत नाही. दोन मणके जोडले की त्यांच्यातली हालचाल संपते आणि वाकण्याचा ताण वरच्या-खालच्या मणक्यांवर जातो. जी कंबर रोवणीत दिवसभर वाकणार आहे तिथे हा ताण अधिकच. शिवाय स्क्रू म्हणजे कायमचा खांब नव्हे. हाड जुळून येईपर्यंत मणके धरून ठेवणे एवढेच त्याचे काम, आणि हाड जुळायला काही महिने जातात. तेवढ्यात ओझे उचलले तर स्क्रू ढिला होतो किंवा मोडतो. कष्टकऱ्याला इम्प्लांट हवेच, असे जो म्हणेल त्याने पुरावा द्यावा. ‘शेजारच्या गावच्या अमुकला गुण आला’ हा पुरावा होत नाही. कंबरदुखी चढते-उतरते, आणि माणूस दवाखाना गाठतो तो ती शिगेला पोचली असताना. त्यानंतर काहीही केले तरी पुष्कळांना आराम पडतो आणि त्याचे श्रेय शेवटी केलेल्या उपचाराला जाते.

मग आधी काय करावे? धोक्याची लक्षणे नसतील तर सहा आठवडे मनापासून हे करून पाहा. अंथरूण धरू नका. एक-दोन दिवसांची विश्रांती पुरे, त्यानंतर सोसेल तितके चालणे हेच औषध. शेक घ्या. वेदनाशामक गोळी डॉक्टरांना विचारून थोडे दिवस घ्या. रोज एक सुई टोचून देणाऱ्याकडे जाऊ नका, कारण त्या सुईत काय आहे हे सांगितले जात नाही आणि पोटाचा, मूत्रपिंडाचा घात होतो. कमरेचा पट्टा महिनोन्‌महिने बांधला तर स्नायू आळशी होतात. फिजिओथेरपिस्टकडून पाठीचे व पोटाचे व्यायाम एकदा प्रत्यक्ष शिकून घ्या आणि रोज घरी करा. ‘दिवसभर राबतो, आणखी व्यायाम कशाला?’ असे वाटेल. पण राबताना कंबर एकाच दिशेने, हजार वेळा, दमलेल्या अवस्थेत वाकते. व्यायामात ती उलट दिशेने, थोडी थोडी आणि आधार देणाऱ्या स्नायूंना बळ देत हलते. रोवणीत अर्ध्या तासाने उभे राहून दोन्ही हात कमरेवर ठेवून पाच-सात वेळा मागे वाकणे, ओझे छातीशी धरून गुडघ्यातून उठणे, दोन फेऱ्यांत वाटून नेणे यांना पैसा लागत नाही. आणि खर्रा सोडा. तंबाखू आणि निकोटिनमुळे हाड जुळायला अडथळा येतो आणि जखम चिघळण्याची शक्यता वाढते, म्हणून मणके जोडण्याआधी काही आठवडे आणि नंतर काही महिने खर्रा बंद हवा. जो शल्यचिकित्सक हे विचारतच नाही, त्याने निम्मे काम सोडले असे समजा.

सहा आठवड्यांनंतरही शस्त्रक्रियेचा निर्णय झालाच, तर तारीख पंचांगाबरोबर पिकाचे वेळापत्रक पाहून ठरवा. तातडी नसेल तर धान घरात आल्यावर, मार्गशीर्ष-पौषात करून घेणे बरे, म्हणजे रोवणीपर्यंत सहा-सात महिने मिळतात. त्या वर्षीचा मोहफुलांचा आणि तेंदूपत्त्याचा हंगाम जाणार हे धरून घरखर्चाची तजवीज करा. पावसाच्या तोंडावर शस्त्रक्रिया करू नका. पर्लकोटेला पूर आला की भामरागडचा संपर्क तुटतो, आणि सिरोंच्याहून गडचिरोली दोनशे किलोमीटरहून अधिक, तिथून नागपूर आणखी पावणेदोनशेच्या घरात. छेद लहान असला तरी जंतुसंसर्ग व्हायचा तो तिसऱ्या दिवशी घरी गेल्यावरच कळतो. म्हणून ‘तिसऱ्या दिवशी सुट्टी’ हा फायदा शहराजवळ राहणाऱ्याचा. दूरच्या रुग्णाने टाके निघेपर्यंत रुग्णालयाजवळ, नातेवाइकांकडे किंवा धर्मशाळेत राहावे. जखमेतून पाणी आले, ताप आला, पायाचा जोर गेला तर कोणत्या नंबरवर फोन करायचा आणि जवळच्या ग्रामीण रुग्णालयातल्या डॉक्टरांना काय सांगायचे, हे सुट्टीच्या कागदावर मराठीत लिहून घ्यावे.

पैशाचे पाहू. गडचिरोली हा राज्यातल्या त्या आठ जिल्ह्यांपैकी एक, जिथे २०१२च्या जुलैत राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना आधी सुरू झाली. तीच आज महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना. तिच्यात मणक्याच्या काही शस्त्रक्रिया येतात, पण प्रत्येक रुग्णालयात आणि प्रत्येक इम्प्लांटसाठी नाही. रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला आधी विचारा, आणि योजनेत असूनही वेगळे पैसे मागितले तर पावती मागा. नागपूरचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आणि एम्स, सेवाग्रामचे कस्तुरबा रुग्णालय यांचा पर्याय खासगी दवाखान्याआधी पाहावा. मात्र शस्त्रक्रिया फुकट आहे म्हणून करून घेणे हा सौदा नव्हे. स्क्रू योजनेतून आला तरी कंबर तुमची आहे. स्वखर्चाने करत असाल तर लक्षात ठेवा, सरकारने २०१७ साली हृदयाच्या स्टेंटच्या आणि गुडघ्याच्या कृत्रिम सांध्याच्या किमतींना कमाल मर्यादा घातली, त्यात मणक्याचे स्क्रू नव्हते. म्हणून इम्प्लांटची कंपनी, संख्या आणि प्रत्येकी किंमत यांचे अंदाजपत्रक आधी घ्या, आणि शस्त्रक्रियेनंतर वेष्टनावरची चिकटपट्टी आपल्या फाइलमध्ये लावून मागा. पुढे कधी स्क्रू काढायचा किंवा बदलायचा झाला तर तोच कागद कामाला येतो.

डॉक्टरांसमोर बसल्यावर पाच प्रश्न विचारा, आणि घरातल्या एका शहाण्या माणसाला सोबत ठेवा. माझी कोणती नस दबली आहे आणि हे तुम्ही तपासणीत कशावरून म्हणता? क्षयरोग, सिकलसेल, खुब्याचा आजार नाही हे पाहिले का? नुसती नस मोकळी करून भागणार नाही का, आणि नसेल तर का? शस्त्रक्रिया न केल्यास सहा महिन्यांत काय होईल? आणि ही शस्त्रक्रिया तुम्ही स्वतः, याच पद्धतीने, वर्षाला किती करता? चांगला शल्यचिकित्सक या प्रश्नांनी चिडत नाही. उत्तरे गावच्या भाषेत, घाई न करता मिळाली तर विश्वास ठेवून पुढे जा, मग छेद बोटभर असो की वीतभर. उत्तर म्हणून पुन्हा छेदाची लांबीच सांगितली गेली, तर फाइल उचला, नमस्कार करा आणि दुसऱ्या डॉक्टरांना दाखवा.